फास्ट बॉलरची पाठ आणि बायोमेकॅनिक्स: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी अंडर-१४ आणि अंडर-१६ च्या पोरांना फास्ट बॉलिंग शिकवतो. पोरं, त्यांचे आईबाबा, कधी कधी दुसऱ्या क्लबचे कोचसुद्धा फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एकदा इथे लिहून काढलंय. मी स्वतः अठराव्या वर्षी पाठीमुळे बॉलिंग सोडली. तेव्हा सगळे म्हणायचे उसण भरलीये, शेकून घे, आणि मी आठ महिने शेकतही होतो आणि टाकतही होतो. नंतर कळलं की मणक्याच्या हाडाला तडा होता. तेव्हा कुणी नीट सांगितलं असतं तर पुढची पाच-सात वर्षं मिळाली असती असं मला आजही वाटतं, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता माहितीचा नाहीये.

बायोमेकॅनिक्स म्हणजे नक्की काय? हे फक्त मोठ्या टीमचं काम ना?

शरीर हलताना कुठला सांधा कधी किती वळला, पाय टेकला तेव्हा जमिनीने किती जोराने परत ढकललं आणि तो जोर घोट्यातून गुडघ्यात, गुडघ्यातून कंबरेत कसा गेला, हे मोजायचं शास्त्र. लॅबमध्ये अंगावर छोटे चकाकणारे मार्कर लावतात, आजूबाजूला सेकंदाला अडीचशे-तीनशे फोटो घेणारे कॅमेरे असतात आणि पाय पडतो तिथे जमिनीत फोर्स प्लेट बसवलेली असते, म्हणजे एक प्रकारचा फार वेगवान वजनकाटाच समजा. ही सोय महाग आहे आणि मोजक्या ठिकाणीच आहे हे खरंय. पण तिथून गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे कळलंय ते वापरायला लॅब लागत नाही. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट तर एका वहीत आणि पेनात होते, पुढे येईलच ते.

बॉलिंगमध्ये शरीरावर असं काय होतं? पळायचं आणि चेंडू टाकायचा एवढंच तर आहे.

राइट आर्म बॉलर धरा. धावत येतो, उडी मारतो, आधी उजवा पाय टेकतो आणि मग डावा, म्हणजे पुढचा पाय क्रीजवर आपटतो. या डाव्या पायाच्या आपटण्यात उभा जोर शरीराच्या वजनाच्या साधारण पाच ते सात पट जातो, कुणाकुणाचा त्याहून जास्त. म्हणजे साठ किलोच्या पोराच्या एका पायावर तीनशे ते चारशे किलोच्या आसपास, आणि तोही डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली असते, डावीकडे झुकलेली असते आणि वळतही असते. वाकणं, झुकणं आणि वळणं ही तिन्ही एकदम आणि त्यावर हा धक्का. दहा ओव्हर टाकल्या की असे साठ धक्के झाले, आणि वॉर्म-अपचे, नेट्सचे, नो-बॉलचे धरलेले नाहीत अजून. एक एक चेंडू बघितला तर काहीच वाटत नाही, पण विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोर घासून घासून खाच पडते ना, तसं आहे ते.

स्पीड कशाने वाढतो?

पोरांचा पहिला प्रश्न हाच असतो. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या चांगल्या फास्ट बॉलर्सची मोजमापं घेऊन २०१३ मध्ये छापलं की वेगातला बराचसा फरक चार गोष्टींनी समजतो. रन-अपचा वेग, चेंडू सुटताना पुढचा गुडघा किती सरळ आहे, पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत धड किती पुढे वाकलं, आणि पाय टेकला त्या क्षणी बॉलिंगचा हात किती मागे राहिलाय. गंमत म्हणजे यात खांद्याची ताकद, दंड वगैरे कुठेच नाही.

का ते असं समजा. एसटीत तुम्ही उभे आहात आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, तर पाय जागेवर राहतात आणि अंग पुढे फेकलं जातं. पुढचा पाय म्हणजे तो ब्रेक. गुडघा सरळ राहिला तर ब्रेक कडक लागतो आणि रन-अपमध्ये कमावलेला सगळा वेग धडात, तिथून खांद्यात, हातात आणि शेवटी चेंडूत जातो. गुडघा मऊ पडला, खाली बसला, की तो वेग तिथेच विरतो. पोरगं पंचवीस पावलं पळत येऊन दमतं आणि चेंडू मात्र हळू का जातो याचं उत्तर पुष्कळदा या गुडघ्यात सापडतं.

पण आता हे वाचून उद्यापासून चौदा वर्षाच्या पोराला 'गुडघा लॉक कर' म्हणून ओरडू नका, कळकळीने सांगतोय. कडक ब्रेक म्हणजे धक्काही कडक, आणि तो झेलायला मांड्या, नितंब आणि पोटाभोवतीचे स्नायू आधी तयार लागतात. ताकद आली की गुडघा बऱ्याचदा आपोआप कमी वाकायला लागतो, हे मी कित्येक पोरांमध्ये बघितलंय.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे हाड तुटतं का?

पडून, आपटून तुटतं तसं नाही. हाड जिवंत असतं, प्रत्येक ताणाने त्यात बारीक झीज होते आणि विश्रांतीत शरीर ती भरून काढतं, उलट आधीपेक्षा मजबूत करून ठेवतं. मुरलेल्या फास्ट बॉलर्सच्या कंबरेच्या मणक्यांत बॉलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूचं हाड जास्त घट्ट झालेलं सापडतं, म्हणजे शरीर शिकतं. पण भरण्याचा वेग कमी पडला आणि झीज होतच राहिली तर आधी हाडाला सूज येते, मग बारीक तडा, मग पूर्ण तडा. फास्ट बॉलरमध्ये हे बहुतेक वेळा कंबरेच्या खालच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला, दोन सांध्यांना जोडणाऱ्या अरुंद पट्टीत होतं. वाढीच्या वयात तीच जागा सगळ्यात कच्ची असते, आणि कंबरेचं हाड पूर्ण पिकायला विशी उजाडते. म्हणून पंधरा ते बावीस हा काळ धोक्याचा. आपल्याकडे नेमकं याच वयात चांगल्या पोराला अंडर-१६, अंडर-१९, कॉलेज, क्लब अशा चार टीम एकदम खेळवतात.

साधी पाठदुखी की हे, घरी कसं ओळखायचं?

घरी ओळखायचं नाही, घरी फक्त संशय घ्यायचा. राइट आर्म बॉलरची कंबर डावीकडे दुखते, लेफ्टी असेल तर उजवीकडे, आणि बोट ठेवून जागा दाखवता येते. मागे वाकलं की, त्यातही त्या बाजूला झुकून मागे वाकलं की दुखतं. सुरुवातीला फक्त बॉलिंगनंतर संध्याकाळी दुखतं आणि दोन दिवसांत थांबतं, इथेच सगळे फसतात. पोरगं म्हणतं बरं वाटतंय, परत टाकतं, मग बॉलिंग करतानाच दुखायला लागतं, मग बसल्या जागी. 'अमुक चेंडूला कट्कन झालं' असा क्षण बऱ्याच जणांना आठवतच नाही कारण तो नसतोच.

वाढत्या वयाच्या फास्ट बॉलरची कंबर एका बाजूला दुखतेय आणि आठवडाभरात पूर्ण थांबत नाहीये तर बॉलिंग बंद, आणि खेळाडू बघणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं. मालीश, शेक, कंबरेचा पट्टा आणि पेनकिलर घेऊन मॅच, यातलं काहीही त्या तड्यापर्यंत पोचत नाही. पेनकिलर घेऊन टाकणं तर मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण शरीर जी एकच सूचना देतंय तीच आपण बंद करतो.

एक्स-रे नॉर्मल आलाय. म्हणजे काही नाही ना?

एक्स-रेवर हे बऱ्याचदा दिसतच नाही, खास करून सुरुवातीला. एमआरआयमध्ये तडा जायच्या आधीची हाडातली सूजही दिसते, आणि तडा किती पुढे गेलाय, भरतोय का, हे सीटीमध्ये जास्त नीट कळतं. कुठली तपासणी कधी करायची हे डॉक्टर ठरवतील, पण 'मुलगा फास्ट बॉलर आहे, आठवड्याला एवढे चेंडू टाकतो, विरुद्ध बाजूला दुखतंय' हे वाक्य तुम्ही स्वतःहून सांगा. पोरगं क्रिकेट खेळतं एवढंच सांगितलं तर समोरच्याला कळणार कसं की ते दिवसाला शंभर चेंडू टाकतं. सूज आहे तोवर पकडलं तर भरून यायची शक्यता खूप चांगली असते, म्हणून इथे दोन आठवड्यांची दिरंगाईसुद्धा महागात पडते.

साइड-ऑन चांगली की फ्रंट-ऑन? आणि मिक्स्ड ॲक्शन म्हणजे काय?

साइड-ऑन म्हणजे मागचा पाय टेकताना खांदे आणि कंबर दोन्ही बाजूला वळलेले, फ्रंट-ऑन म्हणजे दोन्ही बॅट्समनकडे तोंड करून. दोन्ही चालतात, एक चांगली आणि दुसरी वाईट असं काही नाही. मिक्स्ड म्हणजे कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे, किंवा खांदे आधी बॅट्समनकडे असतात आणि मग चेंडू टाकायच्या आधी उलट फिरून साइड-ऑन होतात. हे उलट फिरणं साधारण तीस अंशांच्या वर गेलं की संशोधक त्याला मिक्स्ड धरतात, आणि ऑस्ट्रेलियातल्या जुन्या अभ्यासांपासून याचा पाठीच्या दुखापतींशी संबंध दिसत आलाय.

अलीकडच्या अभ्यासांनी चित्र थोडं बदललंय. नुसते खांदे बघून भागत नाही, पुढचा पाय टेकताना कंबर आणि ओटीपोटाचं हाड कुठल्या कोनात आहे आणि धड बाजूला किती झुकलंय हेही तितकंच महत्त्वाचं निघालंय. त्यामुळे 'माझ्या मुलाची ॲक्शन साइड-ऑन आहे म्हणजे तो सेफ' असं समजू नका.

मग ॲक्शन बदलायची का?

यावर दोन अभ्यास मला फार बोलके वाटतात. ऑस्ट्रेलियात पर्थचे संशोधक ब्रूस एलियट यांनी २००२ मध्ये दाखवलं की तरुण बॉलर्सना लहान गटात बसवून, समजावून, खांद्याचं उलट फिरणं कमी करायला शिकवलं तर मणक्यांमधल्या गाद्यांची झीजही कमी होते. म्हणजे कोचिंगने दुखापतीवर खरंच परिणाम होतो. आणि २००९ मध्ये इंग्लंडच्या वरच्या पातळीच्या बॉलर्सवरचा दोन वर्षांचा अभ्यास आला, त्यात खांद्याची ठेवण सुधारली पण धडाचं बाजूला झुकणं आणि पुढच्या गुडघ्याचा कोन मात्र हलला नाही.

यातून मी माझ्यापुरतं जे घेतलं ते असं. तेरा-चौदाव्या वर्षी पोर अजून घडत असतं तेव्हा बघा, हळू बदला, एका सीझनला एकच गोष्ट, आणि तीही ऑफ-सीझनमध्ये, कमी रन-अपवर. मॅचच्या आदल्या आठवड्यात टीव्हीवर बघून केलेला बदल नको. विशीतल्या बॉलरची ॲक्शन दुखत नसताना नुसती दिसायला विचित्र आहे म्हणून मोडायला जाऊ नका.

बुमराहची ॲक्शन तर पुस्तकात बसतच नाही, मग तो कसा चालतो?

छोटा रन-अप, ताठ हात, पण पुढचा गुडघा बघा, जवळजवळ सरळ राहतो, आणि चेंडू तो शरीराच्या बराच पुढे जाऊन सोडतो. म्हणजे दिसायला वेगळा असला तरी वेगाचे नियम तो पाळतोच. आणि त्याची किंमत त्याच्या पाठीनेही मोजलीये. २०१९ मध्ये कंबरेला स्ट्रेस फ्रॅक्चर, मग २०२३ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडला पाठीचं ऑपरेशन आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध पुनरागमन. जगातले उत्तम फिजिओ आणि डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. पोरांनी त्याचा यॉर्कर घ्यावा, ॲक्शनची नक्कल करू नये असं मी सांगतो. त्याची ॲक्शन त्याच्या हाडामासाची आहे, त्याचे सांधे तसे आहेत.

किती ओव्हर टाकाव्यात?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात वर पाहिजे होता. ॲक्शनबद्दल तासन्तास बोलणारी माणसं भेटतात पण 'गेल्या महिन्यात किती चेंडू टाकले?' याचं उत्तर कुणाकडे नसतं. वर वही आणि पेन म्हणालो ते यासाठीच, रोजचे चेंडू लिहून ठेवायला.

ऑस्ट्रेलियात २००५ च्या सुमाराला ज्युनियर फास्ट बॉलर्सचा सीझनभर हिशोब ठेवला गेला, तर ज्यांच्या बॉलिंगच्या दिवसांमध्ये सरासरी साडेतीन दिवसांपेक्षा कमी अंतर होतं त्यांना दुखापतीचा धोका तिप्पट निघाला. दुसरा, मोठ्यांवरचा अभ्यास २००९ चा. एका मॅचमध्ये पन्नासहून जास्त ओव्हर टाकणाऱ्यांना धोका वाढतो, पण लगेच नाही, तीन-चार आठवड्यांनी! हे मला तेव्हा वाचून धक्काच बसला होता. कारण आपण काय करतो, गुडघा किंवा पाठ दुखली की कालच्या मॅचकडे बोट दाखवतो, आणि खरं कारण महिन्यापूर्वीच्या त्या टूर्नामेंटमध्ये असतं जिथे एकाच पोराने तीन दिवस दोन्ही टोकांनी बॉलिंग केली.

इंग्लंडच्या बोर्डाने बरीच वर्षं वापरलेला हिशोब असा होता की तेरा वर्षांखालच्याने एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ५ ओव्हर आणि दिवसात १०, चौदा-पंधराखालच्याने ६ आणि १२, त्यावरच्यांनी एकोणीसपर्यंत ७ आणि १८. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही आणि सात दिवसांत चार दिवसांपेक्षा जास्त नाही. नेट्सही यात धरायचे. आमच्याकडे मी याहून थोडं कमीच ठेवतो, कारण आपली पोरं सिमेंटच्या विकेटवर, मॅटिंगवर, मिळेल तिथे टाकतात आणि बऱ्याच जणांचं खाणं-झोपणं त्या तोलाचं नसतं.

आणि एक, कमी टाकणं हाही उपाय नाही. दोन महिने परीक्षा म्हणून काहीच नाही आणि मग मे महिन्यात कॅम्पमध्ये रोज शंभर चेंडू, ही उडी सगळ्यात वाईट. हाडाला सवय लागते ती हळूहळू, म्हणून परीक्षेच्या काळातही आठवड्यातून दोनदा पंचवीस-तीस चेंडू टाकत राहायला सांगतो मी.

टेनिस बॉलच्या टूर्नामेंट खेळू द्यायच्या का?

कोल्हापूर, सातारा, कोकण, मुंबई, कुठेही जा, दिवाळी संपली की नाइट टूर्नामेंट सुरू. पोरांना तिथे नाव मिळतं, पैसे मिळतात, गावाचा मान असतो, त्यामुळे 'खेळू नको' म्हटलं तर ते लपून खेळणार. मी म्हणतो खेळ, पण मला सांगून खेळ आणि चेंडू वहीत लिही. टेनिस बॉल हलका म्हणून पाठीवर ताण कमी असं पोरांना वाटतं. हातावर कमी असेल, पण जमिनीवर पाय आपटतो तो शरीराच्या वजनाने, चेंडूच्या वजनाने नाही. उलट चेंडू हलका म्हणून जास्त जोर लावून, बाजूला झुकून फेकायची सवय लागते. दोन-दोन ओव्हरचा स्पेल असला तरी एका रात्रीत चार-पाच मॅच होतात, रात्री दोन वाजता थंड अंगाने टाकायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबची लेदर बॉलची मॅच. क्लबच्या कोचला वाटतं पोरगं फ्रेश आहे.

लॅब नाही, मग मोबाइलवर काय करता येईल?

बरंच. पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा साधारण दहावा भाग जातो. साध्या व्हिडिओत सेकंदाला तीस फ्रेम असतात म्हणजे या सगळ्या नाट्याच्या तुम्हाला जेमतेम तीन फ्रेम मिळतात, त्यावरून काही बोलणं म्हणजे अंदाजपंचे. बहुतेक फोनच्या स्लो-मोशनमध्ये २४० फ्रेम मिळतात, म्हणजे त्याच वेळेच्या चोवीस. फोन स्टँडवर किंवा विटेवर स्थिर ठेवा, एकदा क्रीजच्या बरोबर बाजूने आणि एकदा मागून, अंपायरच्या जागेवरून. उजेड चांगला हवा. बाजूने गुडघा आणि धडाचं वाकणं बघायचं, मागून धड किती बाजूला पडतंय आणि खांदे फिरतायत का. अंश मोजणारे ॲप असतात पण एका कॅमेऱ्यातून वळण्याचा कोन खरा येत नाही, त्या आकड्यांवर भांडू नका. खरा उपयोग तुलनेचा आहे. पहिल्या ओव्हरचा आणि आठव्या ओव्हरचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावा. आठव्यात गुडघा जास्त बसतोय, डोकं जास्त बाजूला पडतंय, म्हणजे अंग थकलंय आणि त्या दिवसाचं काम झालंय.

दर तीन महिन्यांनी, काही दुखत नसताना, असा एक व्हिडिओ जपून ठेवा. दुखापत झाल्यावर 'आधी हा कसा टाकायचा' हे सांगायला दुसरा पुरावा नसतो.

कोपराच्या १५ अंशांचं काय आहे?

हे पाठीचं नाही, चकिंगचं, म्हणजे कोपर सरळ करत चेंडू फेकण्याचं. हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत वाकलेला कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ व्हायला नको, हा आयसीसीचा नियम २००५ पासून आहे. त्याआधी स्पिनर आणि फास्ट बॉलरना वेगवेगळे अंश होते. लॅबमध्ये मोजल्यावर दिसलं की ज्यांची ॲक्शन डोळ्यांना एकदम स्वच्छ वाटते त्यांचाही कोपर थोडा सरळ होतोच, म्हणून नियम बदलावा लागला. मुरलीधरनचा कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नाही हेही असंच मोजून कळलं. भारतात चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत ही चाचणी होते. आईबाबांनी अंपायरशी वाद घालू नये, कारण डोळ्यांनी १० आणि २० अंशांतला फरक कुणालाच खात्रीने कळत नाही.

महाग बूट घेतले तर पाठ वाचेल का?

नाही. बूट मापाचे हवेत, टाच घट्ट हवी आणि मैदानाप्रमाणे तळवा हवा, सिमेंट-मॅटिंगवर रबरचा, गवतावर स्पाइक्सचा. घसरणं वाचतं आणि बोटं वाचतात. पाच-सात पट वजनाचा धक्का बूट खाऊन टाकत नाही. एक मात्र बघा, पुढचा पाय पडतो तिथे खड्डा झालाय का. नेट्समध्ये तो खड्डा महिनोन्महिने कुणी भरत नाही आणि घोटा दर चेंडूला वाकडा पडतो. पाच मिनिटं माती घालून धुमसायला काय लागतं?

मुलींसाठी काही वेगळं?

मोजणं, व्हिडिओ, विश्रांती सगळं तेच. फक्त सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली तर त्याला 'खेळामुळे होतं' म्हणून सोडू नका. खाणं शरीराच्या खर्चाला पुरत नाहीये याची ती खूण असते आणि तेव्हा हाडं कमजोर होतात. आईने विचारावं, आणि डॉक्टरांना दाखवावं. मुलांमध्येही कमी खाण्याचा हाडावर परिणाम होतोच, फक्त ही खूण तिथे मिळत नाही.

दुखापत टाळायला जिममध्ये काय करायचं?

वजनं उचलायच्या आधी एका पायावर नीट बसता-उठता येतंय का बघा, उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत पडतोय का बघा. मग मांडीचा पुढचा-मागचा भाग, नितंब, पोटऱ्या आणि धडाच्या बाजूचे स्नायू. हॅमस्ट्रिंगसाठी, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंसाठी, नॉर्डिक म्हणून व्यायाम आहे, गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि हळूहळू पुढे झुकत जायचं. बऱ्याच खेळांतले अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं की याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात, आणि खर्च शून्य. पाठीसाठी असा एकच जादूचा व्यायाम नाहीये. शंभर सिट-अप्स म्हणजे पाठ मजबूत हा समज सोडा.

स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. आता करिअर संपलं का?

ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिली १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात असाच पाठीने बसला होता, तेवीस वर्षांचा. पाठीचे मणके तडकलेले, अंगाला प्लास्टर. पर्थच्या विद्यापीठातल्या फ्रँक पाइक यांनी त्याच्या तयारीचं नीट शास्त्रशुद्ध वेळापत्रक आखलं आणि १९७४-७५ च्या ॲशेसमध्ये तो परत आला, पुढे ३५५ टेस्ट विकेट्स घेऊन थांबला. त्याच लिलीने १९८७ पासून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये आपल्याकडची पोरं घडवली, आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान तिथूनच पुढे आला. पोरांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा बदलतो.

फक्त वेळ लागतो. स्पर्धेत पूर्ण रन-अपने परतायला सहा ते नऊ महिने अनेकदा लागतात. दुखणं दोन महिन्यांत थांबतं, आणि नेमकं तिथेच घोळ होतो, कारण दुखणं थांबणं आणि हाड भरणं या दोन वेगळ्या तारखा आहेत.

परत बॉलिंग कशी सुरू करायची?

डॉक्टर आणि फिजिओने हो म्हटल्यावरच. आधी चालणं, मग धडाचे आणि पायाचे व्यायाम, मग पळणं, मग उड्या. एका पायावरची उडी डाव्या आणि उजव्या दोन्ही पायांनी सारखी येतेय का, उतरताना आवाज आणि तोल सारखा आहे का हे बघतात, मोठ्या ठिकाणी फोर्स प्लेटवर मोजतात, आपण खडूची खूण करून मोजतो. मग उभ्या उभ्या चेंडू टाकायचे, मग चालत येऊन, मग पाच-सहा पावलांनी अर्ध्या जोराने, मग अर्धा रन-अप. चेंडू आणि जोर एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत, एकदा हा, एकदा तो. सुरुवातीला एक दिवसाआड, सलग दोन दिवस सगळ्यात शेवटी. जुना व्हिडिओ इथे काढायचा आणि बघायचं की दुखण्याच्या भीतीने पोरगं पुढचा पाय हळू टाकतंय का, धड जास्त बाजूला नेतंय का. शरीर एक जागा वाचवायला दुसरीकडे भार टाकतं आणि मग पाठ सुटते पण बरगडीखालचा स्नायू किंवा घोटा धरतो.

गेल्या वर्षी माझा एक सोळा वर्षांचा लेफ्टी यातून गेला. पहिल्या दिवशी बारा चेंडू, उभ्या उभ्या. 'सर, एवढेच?' म्हणाला. एवढेच. वहीत तारीख, चेंडू, किती जोराने, आणि रात्री झोपताना कंबर कशी होती ते शून्य ते दहामध्ये. आईने सही करायची अशी आमची पद्धत. चौदा आठवड्यांनी त्याने पूर्ण रन-अपवर तीन ओव्हरचा स्पेल टाकला, आणि चौथी मागायला आला तेव्हा मी वहीच पुढे केली.